ऐकणाऱ्याचा चेहरा

चित्रपटातलं गाणं म्हणजे गोष्टीत घातलेला थांबा, असं माझं मत होतं आणि बरीच वर्षं ते मी ठासून मांडत आले. माणसं पडद्यावर काही बोलतायत, काही दडवतायत, प्रसंग आता कुठे रंगात येतोय, आणि तेवढ्यात व्हायोलिनं सुरू होतात. पुढची चार मिनिटं कुणाचंच काही पुढे सरकत नाही. गाणं संपलं की गोष्ट जिथे टाकली होती तिथून पुन्हा उचलायची. गाणी मला आवडत नव्हती असं मुळीच नाही. रेडिओवर, कॅसेटवर ती मी जीव लावून ऐकली. त्यांची जागा तिथे आहे, पडद्यावर नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. रसास्वाद शिबिरांत मुलांना मी हेच शिकवलं, लेखांतून हेच लिहिलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण ज्या प्रसंगांनी ते बदललं ते मला आज फार मोलाचे वाटतात.

आधीच्या मतामागे कारणं होती आणि ती पोकळ नव्हती. पुण्यात फिल्म सोसायटीत आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे पाहिलं त्यावर माझी नजर तयार झाली. ओझू, ब्रेसाँ, बर्गमन पाहून बाहेर पडावं तर शहरातल्या थिएटरांत नायक-नायिका दर कडव्याला कपडे बदलत बर्फात नाचत असायचे. सत्यजित राय यांनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या प्रथेवर लिहिलेलं होतं, त्याचाही आम्हाला आधार वाटायचा. आणि ही तक्रार आमच्याच पिढीची होती असंही नाही. शांतारामबापूंनी प्रभातच्या ‘माणूस’मध्ये, म्हणजे १९३९ साली, बागेत प्रेमगीत आळवणाऱ्या जोडप्याची चक्क नक्कल केली होती. रोख बॉम्बे टॉकीजच्या सिनेमांवर होता. त्याच्या दोन वर्षं आधी ‘कुंकू’त त्यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही, घरातले-रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ठेवले. आणि तरीही त्याच ‘कुंकू’त शांता आपटेची नीरा गाते, लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते. गाणं कुणाच्या तोंडी यावं, त्या वेळी त्या घरात काय चाललेलं असावं, याचा विचार इतक्या आधी इथे झाला होता. मी मात्र ‘कुंकू’बद्दल बोलताना पार्श्वसंगीत नसल्याचं कौतुक करायचे आणि नीराच्या गाण्यांपाशी न थांबता पुढे जायचे.

माझा शिकवण्यातला हुकमी प्रसंग ‘बंदिनी’तला होता. बिमल रॉय यांचा १९६३चा चित्रपट. कल्याणी, म्हणजे नूतन, ज्या आजारी बाईची चाकरी करते आहे ती तिच्या प्रियकराची, बिकाशची बायको निघते. त्यातच वडील गेल्याचं कळतं. ती त्या बाईच्या चहात विष कालवते. या प्रसंगात जवळजवळ संवाद नाहीत. स्टोव्ह फरफरतो आहे, बाहेर कुठेतरी लोखंडावर घाव पडतायत, चेहऱ्यावर उजेड येतो आणि जातो. नूतनचा चेहरा त्या घावांबरोबर घट्ट होत जातो आणि मग एका क्षणी आपल्याला कळतं की हिचं ठरलं. मी मुलांना सांगायचे, बघा, हा खरा सिनेमा. एक सूर नाही, एक शब्द नाही, आणि खून पूर्ण होतो. त्याच सिनेमाच्या शेवटी सचिनदेव बर्मन यांच्या आवाजातलं गाणं येतं. ते मी वितरकांसाठी केलेली तडजोड समजत असे आणि वर्गात तिथवर जातच नसे.

माझी मावशी सरकारी इस्पितळात परिचारिका होती. ‘बंदिनी’ हा तिचा सिनेमा. क्षयाच्या रुग्णाची शुश्रूषा करणारी बाई पडद्यावर दिसली की ती सगळी कामं बाजूला ठेवून बसते. तिच्याकडे टीव्हीवर तो लागला होता आणि शेवटचं गाणं सुरू झालं तशी मी उठले.

“बस गं खाली.”

“संपलाच ना मावशी आता. गाणंच आहे.”

“म्हणून तर म्हणते, बस. आणि त्या गाणाऱ्याकडे काय बघतेस? तिच्याकडे बघ. ती ऐकतेय.”

मी बसले आणि मावशीनं सांगितलं तिकडे पाहिलं. घाट आहे. इकडे आगगाडी, तिकडे बोट. कल्याणी शिक्षा भोगून बाहेर आली आहे आणि तुरुंगातल्या डॉक्टरच्या घरी, नव्या संसारात निघाली आहे. ज्याच्यासाठी सगळं गेलं तो बिकाश इथेच तिला भेटतो, खंगलेला, खोकणारा. त्यानं तिला फसवून दुसरं लग्न केलेलं नव्हतं, देशाच्या कामासाठी त्याला ते करावं लागलं होतं, हेही तिला इथेच कळतं. गाडी सुटायची वेळ झाली आहे, बोटही सुटायची आहे. आणि घाटावर बसलेला कुणी एक माणूस गाऊ लागतो. त्याला कल्याणी माहीत नाही. तिच्याकडे तो बघतही नाही. नदी, नावाडी, पलीकडचा काठ, असं त्याचं आपलं गाणं चाललंय. नूतन ओठ हलवत नाही. ती ऐकते. एकेक ओळ तिच्यावर पडते आणि चेहऱ्यावरचं काहीतरी सुटत जातं. गाणं संपायच्या आत ती बोटीकडे धावलेली असते.

मावशीच्या त्या एका वाक्यानं माझ्या शिकवण्याची घडीच मोडली. विषाचा प्रसंग आणि घाटाचा प्रसंग एकाच हातानं रचलेले आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. दोन्हीकडे कल्याणीला निर्णय घ्यायचा आहे. दोन्हीकडे ती बोलत नाही. दोन्हीकडे बाहेरचा आवाज आत शिरतो, आणि तो आवाज करणाऱ्याला तिची काहीच खबर नसते. तिथे लोखंडावर घाव घालणारा कामगार आहे, इथे घाटावरचा गाणारा. एका आवाजानं ती जीव घेते, दुसऱ्या आवाजानं एका मरत्या माणसाबरोबर जायचं ठरवते. बिमलदांना गाण्यावाचून प्रसंग उभा करता येत होता, त्यांनी तो करून दाखवलाही होता. तेव्हा शेवटी गाणं आलं ते त्यांनी समजून उमजून आणलेलं होतं. दुसरा प्रसंग पहिल्याचं उत्तर आहे, आणि अर्धाच प्रश्न मी मुलांसमोर ठेवत होते.

मग ‘बंदिनी’तलंच तुरुंगातलं गाणं पुन्हा पाहिलं. एक कैदी बाई जात्यावर दळता दळता माहेराची आठवण काढणारं गाणं म्हणते. आशा भोसले यांचा आवाज, शैलेंद्र यांचे शब्द. इथेही गाणारी कल्याणी नाही. ती ऐकणाऱ्यांतली एक आहे. भिंती, जाती, पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, आणि एकीच्या गाण्यात प्रत्येकीचं माहेर. सासरी गेलेल्या कुठल्याही मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या याच कामाच्या. एक म्हणते आणि बाकीच्या आपापलं ऐकतात.

तेव्हापासून मी सिनेमातलं गाणं पाहताना गाणाऱ्यावरची नजर काढून ऐकणाऱ्यावर ठेवते. इतकी लहान गोष्ट, पण तिनं सगळा हिशेबच फिरवला.

‘प्यासा’ घ्या. १९५७. प्रकाशक घोषबाबूंच्या घरी कवींची मैफल भरली आहे आणि विजय तिथे पेले भरलेला ट्रे घेऊन नोकर म्हणून हिंडतो आहे. तो पुस्तकांच्या कपाटाशी उभा राहून म्हणू लागतो. हेमंतकुमारांचा आवाज, वाद्यमेळ अगदी बेताचा. आता विजयला सोडा आणि खोलीत बघा. पाहुण्यांच्या मागे मीना आहे, माला सिन्हा. एके काळी ती विजयची होती, आता घोषबाबूंची बायको आहे. हे शब्द कुणाला उद्देशून आहेत ते भरल्या खोलीत तिलाच माहीत आहे. तिला रडता येत नाही, निघून जाता येत नाही. आणि घोष, म्हणजे रहमान, गाणाऱ्याकडे बघतच नाही. तो बायकोकडे बघतो. त्याच्या मनात संशय आधीपासून आहे. बायको हे गाणं कशी ऐकते त्यावरून त्याला पक्कं कळतं. गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी कॅमेरा या तिघांमध्ये असा फिरवला आहे की त्या चार मिनिटांत एका संसाराचा सगळा पाया उघडा पडतो. हा प्रसंग संवादांत लिहून बघा. मीनाला काहीतरी बोलावं लागेल, घोषला काहीतरी विचारावं लागेल, आणि दोघंही स्वस्त होतील. गोष्ट इथे थांबलेली नाही. सिनेमाभर ती इतक्या वेगानं क्वचितच धावली असेल.

त्याच सिनेमात रस्त्यावर एक वैष्णव भजन चाललेलं असतं. गाणारी कुणी दुसरीच, आवाज गीता दत्त यांचा. विजय गच्चीवर कठड्याशी उभा आहे. गुलाबो, वहीदा रहमान, जिना चढून वर येते. भजनात देवाला कवेत घ्यायची विनवणी आहे आणि गुलाबो एका माणसाच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर उभी आहे. तो वळत नाही, त्याला माहीतही नाही. ती हात लावत नाही आणि मागे फिरते. वेश्येच्या तोंडी हे शब्द दिले असते तर नुसती याचना झाली असती. ते रस्त्यावरच्या भजनात ठेवले, म्हणून गुलाबोची इच्छा आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. हा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी जिन्याच्या वरच्या पायरीपाशी माझा श्वास अडकतो.

राय यांचा आधार घेणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांचाच ‘चारुलता’ नीट आठवत नव्हता की काय कोण जाणे. तिथे अमल मजेत रवींद्रनाथांचं गाणं म्हणतो, आवाज किशोरकुमारांचा, आणि त्याच्या त्या खेळकरपणातून चारूच्या मनात जे सुरू होतं त्याचा त्याला पत्ता नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये सालोमालोनं तुकोबांना भुलवायला पाठवलेली कलावंतीण आठवा. विष्णुपंत पागनीस गातात, आणि प्रसंग आहे तो त्या बाईचा. १९३६ साली दामले-फत्तेलालांना हे कळलेलं होतं.

‘गाइड’बद्दल माझ्या मनात फार मोठी अढी होती, कारण त्यात गाणी भरपूर आणि सगळी लोकप्रिय. रोझी नवऱ्याला सोडून आली आहे, खचली आहे, आणि राजू तिला धीर देणारं गाणं म्हणतो. रफी यांचा आवाज. विजय आनंद यांनी ते गाणं मोजक्याच, लांबलचक शॉट्समध्ये घेतलं. देव आनंद गातो, वहीदा एक शब्द उच्चारत नाही. ती दूर होते, पाठ फिरवते, पुन्हा जवळ येते, आणि कॅमेरा फारसा न तोडता तिच्याबरोबर राहतो. तोडलं असतं तर मधला काळ गेला असता. एका दुखावलेल्या बाईला विश्वास ठेवायला किती वेळ लागतो, तो वेळ त्यांनी जसाच्या तसा ठेवला आहे. गाण्याचा ठेका त्या वेळाला धरून ठेवतो. गाण्यानं काळ थांबतो असं मी म्हणायचे; इथे गाण्यामुळे तो मोजता येतो.

मराठीतली अलीकडची तीन उदाहरणं मला या सगळ्यांहून जवळची आहेत.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त गावातली पोरं तमाशा बघतायत आणि जब्याचं सगळं घर डुकराच्या मागे धावतंय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या आहे तिथे ताठ उभा राहतो, मग बाप कचरू, मग सगळं घर. सिनेमासाठी रचलेलं हे गाणं नव्हे, आपण सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात म्हटलेलं आहे. पण आजवर मी ते म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभी होते. डुक्कर पकडायला लावलेला माणूस ते ऐकताना कसा दिसतो, हे मला या प्रसंगानं पहिल्यांदा दाखवलं. किशोर कदम यांचा कचरू तिथे काहीच करत नाही, फक्त उभा आहे, आणि एवढ्यात या देशाबद्दल जे कळायचं ते कळतं.

‘सैराट’ त्यानंतर, २०१६ साली आला. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत थेट लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. मी पाहिला तेव्हा थिएटरात पोरंपोरी खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती. जुन्या मतानुसार मला त्या चारही गाण्यांचा वैताग यायला हवा होता. पण लक्षात घ्या, ती चारही पूर्वार्धात संपतात. आर्ची-परश्या हैदराबादला पोचले की एकही गाणं नाही. आणि अगदी शेवटी तर पडद्यावर आवाजच उरत नाही. ज्या गर्दीनं तास-दीड तासापूर्वी धिंगाणा घातला ती त्या मुक्या पडद्यासमोर जागेवर खिळून बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. इथे ऐकणारा पडद्यावर नव्हता, खुर्च्यांत होता. आधी गाणी देऊन मंजुळ्यांनी आम्हाला त्या दोघांच्या बाजूला ओढलं आणि मग गाणी काढून घेतली. पूर्वार्धात ती नसती तर शेवटचा मुकेपणा कुणालाच बोचला नसता.

तिसरं चैतन्य ताम्हाणे यांचं ‘कोर्ट’. २०१४. नारायण कांबळे हा लोकशाहीर मुंबईत भर सभेत गातो आहे. वीरा साथीदार यांनी तो उभा केला, गाणी संभाजी भगत यांची. कॅमेरा लांब, श्रोत्यांच्या मागे स्थिर ठेवलेला, आणि त्याच स्थिर चौकटीत पोलीस मंचावर चढून शाहिराला घेऊन जातात. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. म्हणजे सगळा खटला एका ऐकणाऱ्यावर उभा आहे, आणि तो ऐकणारा आपल्याला एकदाही दिसत नाही. त्यानं ते गाणं ऐकलं होतं का, याचीही कुणाला खात्री नाही. त्याची बायको साक्षीला येते आणि सांगते की उतरण्याआधी तो आत झुरळं दिसतायत का ते बघायचा; झुरळ असलं म्हणजे आत हवा आहे. हातमोजे नाहीत, मास्क नाही, काही नाही. गाण्यात माणूस मारण्याइतकी ताकद असते असं सरकारी पक्ष सांगत राहतो आणि विषारी वायूचं नाव हळूच येतं. गाणं आणि ऐकणारा यांच्यातलं नातं मला आयुष्यभर कळलं नसतं इतकं या सिनेमानं कळवलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कृपा करून पाहावा.

सगळी गाणी मला आता गोड वाटू लागली आहेत, असं कुणी समजू नये. ज्या गाण्याला पडद्यावर ऐकणारं कुणी नाही, ज्याच्यात दोघं एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघून गातात, ते गाणं मला आजही उपरं वाटतं. आणि हल्ली वाढत चाललेली रीत मला त्याहून खटकते. ओठ हलवणं जुनाट वाटतं म्हणून गाणं नुसतं मागे लावायचं आणि पुढे दुचाकी, पाऊस, चहाची टपरी, समुद्र असे तुकडे जोडत जायचं. न हलणाऱ्या ओठांना माझा विरोध नाही. ‘कागज के फूल’मध्ये ओठ कुठे हलतात? तिथे रिकाम्या स्टुडिओत मूर्तींनी आरसे लावून आत घेतलेला उन्हाचा झोत आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं आहेत, आणि कुणाचाच नसलेला गीता दत्त यांचा आवाज ती दोघंही ऐकतायत. ऐकतायत, हे महत्त्वाचं. दुचाकीवरचं पोरगं ते ऐकत नसतं. त्याच्यावर गाणं नुसतं चिकटवलेलं असतं, आणि चित्रपट लागायच्या आधी मोबाइलवर फिरवायला ते सोयीचं पडतं म्हणून.

एका चित्रपटापुढे मात्र माझी ही नवी मोजपट्टी चालत नाही, आणि तो माझा अतिशय लाडका आहे. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’, १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. त्यात ठाकरवाडीतली माणसं बोलतात तितकीच गातात. नाग्या ढोल वाजवतो, घोळका उचलून धरतो, आणि गाणारा कोण, ऐकणारा कोण हे वेगळं काढताच येत नाही. स्मिता पाटीलची चिंधी ऐकतेय असं वाटतं तोवर ती त्या गाण्यातच शिरलेली असते. मावशीचं म्हणणं, तिथे ऐकणारा नकोच, सगळी वाडीच गातेय तर ऐकायला कोण उरणार? मला ते पुरेसं वाटत नाही. राणीमाशीनं नाग्याचा डोळा घेतल्यावर ती गाणी आधीसारखी ऐकू येत नाहीत, तेव्हा ती कुणीतरी ऐकत असलं पाहिजे. यावर आमचा वाद चालू आहे. पुढच्या शिबिरात तो चित्रपट सलग दाखवायचा आणि मावशीलाही बोलवायचं, असं मी ठरवलं आहे.